३१ मार्चचा बॅकअप नक्की कोणत्या रात्रीचा?

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची अडत पेढी आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर प्रॉक्समॉक्सवरच्या (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर रोज रात्री दीडला बॅकअप जातो. ३१ मार्च २०२५ ला रात्री दहाला वर्षअखेर घेतली आणि मग कळलं, काही शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) भलत्याच खात्यात पडल्यात. वर्षअखेरीच्या आधीची स्थिती हवी आहे. एपीआयने (स्क्रिप्टमधून प्रॉक्समॉक्सला विचारणा करायची सोय) काढलेल्या यादीत एका रिस्टोअर पॉइंटच्या, म्हणजे परत आणता येणाऱ्या बॅकअपच्या, नावात ३१ मार्च, २०:०० आहे. रात्री आठचा धरून तोच रिस्टोअर करू का? आणि नवीन टोकन (स्क्रिप्टला पासवर्डऐवजी दिलेली किल्ली) वापरलं की हीच यादी रिकामी का येते? – एक वाचक, तासगाव

उत्तर : तो पॉइंट घेऊ नका. तुमचा बॅकअप दीडला सुटतो असं तुम्हीच लिहिलंय, मग रात्री आठचा बॅकअप आला कुठून? नावात वेळेच्या शेवटी 'झेड' असेल बघा. ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. तिच्यात साडेपाच तास मिळवा : १ एप्रिलची पहाट, दीड वाजता. म्हणजे वर्षअखेर होऊन गेल्यानंतरचा बॅकअप. तुम्हाला हवा तो ३० मार्च, २०:०० नावाचा. तो आपल्याकडच्या ३१ तारखेच्या पहाटेचा.

यात आणखी एक मेख आहे. हाच बॅकअप कुणी साध्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) फाइल म्हणून घेतला, तर फाइलच्या नावात सर्व्हरची स्थानिक वेळ पडते. एकाच रात्रीचे दोन बॅकअप, एकावर ३१ मार्च, दुसऱ्यावर १ एप्रिल! म्हणून मी नावावरून तारीख ठरवतच नाही. एपीआयच्या उत्तरात प्रत्येक नोंदीला 'सीटाइम' असतो, १९७० पासूनचे सेकंद. तुम्ही निवडलेल्या ३१ मार्च, २०:०० च्या पॉइंटचा तो १७४३४५१२०० असणार. स्क्रिप्टमध्ये त्याच्यावर क्रम लावा आणि दाखवताना भारतीय वेळ दाखवा. ही वेळ बॅकअप सुरू झाल्याची असते, आणि आतला डेटाही त्याच क्षणाचा. बॅकअप संपायला तीन वाजले तरी अडीचला केलेली नोंद त्यात सापडायची नाही.

नुसत्या व्हीएमआयडीवरही, म्हणजे मशीनच्या नंबरावरही, विसंबू नका. जुनं मशीन काढून १०१ हाच नंबर नव्याला दिला असेल, तर दोघांचे बॅकअप एकाच गटात बसतात. एपीआयच्या 'एक्स्ट्रॅक्टकॉन्फिग' या कॉलला बॅकअपचं नाव दिलं की आतली कॉन्फिगरेशन न रिस्टोअर करता वाचता येते. तिच्यात मशीनचं नाव आणि 'एसएमबायोस'चा यूयूआयडी (मशीनचा एकमेव ओळखक्रमांक) बघा, चालू मशीनशी जुळतोय का. यादीतल्या 'व्हेरिफिकेशन'मध्ये (बॅकअप शाबूत असल्याची तपासणी) ओके आहे का, तेही बघून घ्या.

टोकनचं म्हणाल तर, 'प्रिव्हिलेज सेपरेशन'ची खूण तशीच राहिली असणार. मग टोकनला स्वतंत्र परवानगी द्यावी लागते. वापरकर्त्याला असलेली पुरत नाही. गंमत अशी की बॅकअपच्या यादीत एपीआय बरेचदा एररही देत नाही, जे बघायची परवानगी नाही ते गुपचूप गाळतो. माणसाला वाटतं बॅकअपच गेले! टोकनला स्टोरेजवर 'डेटास्टोअर अलोकेटस्पेस' आणि मशीनवर 'व्हीएम बॅकअप' द्या.

आता घाई एकाच गोष्टीची करा : ३० मार्चच्या पॉइंटला आजच 'प्रोटेक्टेड' करा, नाहीतर प्रून (जुने बॅकअप आपोआप काढणारं काम) त्याला एखाद्या रात्री उडवेल. मग चालू मशीनला हात न लावता, नवीन नंबर देऊन, 'युनिक'ची खूण करून (म्हणजे नेटवर्क कार्डाला नवा पत्ता मिळतो) रिस्टोअर करा. सुरू करण्याआधी त्याचं नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट ठेवा, नाहीतर एकाच आयपीची दोन मशीनं नेटवर्कवर येतील आणि सकाळी काउंटरवर बोंब होईल. ३१ तारखेच्या दिवसभराच्या पट्ट्या या पॉइंटमध्ये नाहीत. त्या चालू मशीनवर बघून नव्यात पुन्हा भराव्या लागतील, आणि वर्षअखेर त्यानंतरच घ्या.