व्हॉल्व्ह बदलण्याआधी थेंब कुठला ते शोधा

वाचकांचे प्रश्न : आरव्ही आणि सांडपाणी

या वेळच्या पत्रांत अमेरिकेतल्या वाचकांचा भरणा आहे आणि बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच : टोपी काढली की घाण पाणी पायावर. नव्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. आरव्ही म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. संडासाचे पाणी साठते ती ब्लॅक टँक. बेसिन आणि न्हाणीचे साठते ती ग्रे टँक. प्रत्येकीच्या तोंडाशी सरकत्या पात्याचा गेट व्हॉल्व्ह असतो, दांडा ओढला की तो उघडतो. पुढे दोन्ही नळ्या एकत्र येतात आणि शेवटी ३ इंची तोंडावर टोपी बसते.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी नवा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायची आरव्ही) घेतला. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असूनही टोपी उघडली की अर्धा लिटरभर घाण पाणी सांडते. विक्रेत्याने ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह बदलून दिला, पण दोन सहलींनंतर पुन्हा तेच. हे व्हॉल्व्हच हलक्या दर्जाचे येतात का? (न्यू जर्सी)

उत्तर : फार भारी दर्जाचे नसतात, हे खरे. पण नवाकोरा व्हॉल्व्ह दोन सहलींत निकामी होत नाही. बदललेलाही गळतो आहे म्हणजे दोष बहुधा व्हॉल्व्हच्या आजूबाजूला आहे, किंवा बदलला तो व्हॉल्व्ह गळतच नव्हता. पाणी काळपट दिसले की सगळे ब्लॅक टँककडे बोट दाखवतात. साठलेले ग्रे पाणीही तितकेच काळे आणि तितकेच घाणेरडे असते.

तेव्हा आधी गुन्हेगार ओळखा. दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुवा. ग्रे टँकमध्ये ४०-५० लिटर पाणी आणि खायच्या निळ्या रंगाची एक छोटी बाटली सोडा. ब्लॅक टँकमध्ये तेवढेच साधे पाणी. (घरात हळद आहे म्हणून ती वापरू नका, रंग कळत नाही, डाग मात्र राहतात.) टोपी काढून तोंड फडक्याने कोरडे करा आणि खाली पांढरी बादली ठेवून तासभर थांबा. पाणी निळे आले तर ग्रे, स्वच्छ आले तर ब्लॅक. फिकट निळे आले तर शंका दोघींवर. मग एकेक टाकी भरून पाहा. काही ट्रेलरना दोन ग्रे टँक असतात, तिथे दुसरीला लाल रंग.

आता कारणांकडे. नव्या गाडीत पहिला संशय कारखान्यातल्या कचऱ्याचा. टाकीला नळ्यांसाठी भोके पाडताना कापलेली प्लास्टिकची चकती आणि भुसा आत पडतो आणि तसाच राहतो. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियानातल्या एल्कहार्ट परगण्यात आणि आसपास बनतात, आणि तिथल्या अनेक कारखान्यांत मजुरी नगावर असते. टाकी झाडून काढण्याचे पैसे कोणी देत नाही. ही कात्रणे पहिल्या काही डंपमध्ये (टाकी रिकामी करताना) वाहत येतात आणि पाते ज्या खाचेत बसते तिच्या तळाशी अडकतात. पाते एखादा मिलिमीटर वर राहिले तरी धार लागायला तेवढे पुरते. व्हॉल्व्ह बदलला, टाकी तीच राहिली, म्हणून नव्यातही तेच.

उपाय : टाकी स्वच्छ पाण्याने तीन-चतुर्थांश भरा, होजच्या (सांडपाणी बाहेर नेणाऱ्या लवचिक नळीच्या) सुरुवातीला पारदर्शक एल्बो (वाकडा जोड) लावा आणि व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडा. पाणी जोरात असतानाच तो दोन-तीनदा बंद-उघड करा. हे सगळे तीन वेळा. पांढरे-काळे तुकडे एल्बोतून जाताना दिसतील. दिसले तर फोटो काढा. विक्रेत्यापुढे तोच पुरावा.

दुसरा संशय वाकड्या जोडणीचा. व्हॉल्व्हचे चार बोल्ट सैल करताच एका बाजूची नळी टुणकन बाजूला सरकली, तर ती मुळात ओढून-ताणून जुळवलेली आहे. अशा जोडात एका बाजूचे सील चिरडते, दुसऱ्या बाजूचे दबतच नाही, आणि पातेही तिरके धावते. इथे दहा व्हॉल्व्ह बदलले तरी फरक पडणार नाही. नळी कापून सरळ जोडावी लागते, नाहीतर मध्ये पोलादी पट्ट्यांचे रबरी कपलिंग घालून ताण काढावा लागतो. एबीएस प्लास्टिकच्या आडव्या नळीला किमान दर ४ फुटांवर आधार हवा आणि दर फुटाला पाव इंच उतार. खाली वाकून टॉर्च मारा : नळी लोंबकळत असेल तर रस्त्यावरचा प्रत्येक हादरा त्या चार बोल्टांवर येतो आहे.

तोवरचा बंदोबस्त म्हणून टोपीच्या जागी फिरवून बसणारा जादा व्हॉल्व्ह लावता येतो. गळती त्याने बंद होत नाही, त्याच्यामागे अडते एवढेच. तरीही होज जोडल्यानंतरच तो उघडत असल्याने पाय कोरडे राहतात. वीस-तीस डॉलरच्या आसपास मिळतो, आणि आमच्या मते दोष नसलेल्या गाडीलाही असावा.

प्रश्न : रंगाची चाचणी आधीच केली होती, दोष ब्लॅक टँकच्या व्हॉल्व्हचाच. स्वतः बदलायचा तर काय लागेल, आणि लोक कुठे चुकतात? (ऑस्टिन)

उत्तर : ३ इंची व्हॉल्व्ह, त्याची दोन सील, चार बोल्ट, सिलिकॉन ग्रीस, दोन पाने (बोल्टचे डोके सहसा ७/१६ इंची असते), रुंद चपटा स्क्रूड्रायव्हर, पसरट ट्रे, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे हब (व्हॉल्व्ह ज्यांच्यामध्ये बसतो ती तोंडे) नळीला चिकटवलेले असतात. ते तसेच राहतात, मधला व्हॉल्व्ह तेवढा निघतो. एका कंपनीचा व्हॉल्व्ह दुसरीच्या हबवर बसेलच असे नाही, म्हणून खरेदीआधी जुन्याचा फोटो आणि मापे घ्या.

टाकी डंप करा, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा आणि गाडी व्हॉल्व्हच्या उलट बाजूला जराशी कलती उभी करा. वास मारण्यासाठी टाकीत ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की विषारी क्लोरामाइन वायू होतो, आणि तुमचे तोंड नेमके त्या भोकासमोर असते.

चारही बोल्ट काढा, व्हॉल्व्ह वर किंवा बाजूला ओढून घ्या. जुनी सील हबला चिकटून राहतात. ती काढून खाच नखाने तपासा. तिथे वाळूचा कण राहिला तर सगळी मेहनत फुकट.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. नवी सील खाचेत बसवून व्हॉल्व्ह मध्ये सरकवताना सीलची कड दुमडते. बाहेरून काही दिसत नाही, टाकी भरल्यावर मात्र धार लागते. म्हणून दोन्ही सीलना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, स्क्रूड्रायव्हरने दोन्ही हब किंचित फाकवून धरा, व्हॉल्व्ह न घासता आत सोडा आणि कड चौफेर बोटाने चाचपा. या कामाला दुसरा माणूस हवाच. व्हॅसलीन किंवा खाद्यतेल लावू नका. पेट्रोलियमने काही रबरे फुगतात आणि तेलावर घाण चिकटते.

बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. सील सगळीकडे सारखे दबले की थांबा. जास्त आवळले तर व्हॉल्व्हचे अंग वाकते, पाते जड होते आणि महिन्याभरात दांडा तुमच्या हातात येतो. शेवटी पाते पाच-सहा वेळा चालवून पाहा आणि टाकी स्वच्छ पाण्याने पूर्ण भरून रात्रभर ठेवा. पाव टाकीवर घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही, कारण सीलवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो.

प्रश्न : आमचा ब्लॅकचा व्हॉल्व्ह छान चालतो, स्वयंपाकघराच्या ग्रेचा मात्र सारखा अडकतो. (टोरांटो)

उत्तर : तुम्ही काय खाता ते लिहिले नाहीत, पण अंदाज आहे. भाताची शिते, चहाचा चोथा, मोहरी आणि फोडणीचे तेल. तेल थंड होऊन पात्यावर थर धरते आणि शिते त्यात रुततात. स्वयंपाकघराचा व्हॉल्व्ह अनेकदा दीड इंचीच असतो, त्यामुळे लवकर तुंबतो. सिंकमध्ये बारीक जाळी ठेवा आणि कढया कागदाने पुसून मगच धुवा. आता अडकला आहे तो सोडवण्यासाठी टाकीत १५-२० लिटर गरम पाणी (उकळते नव्हे, हाताला सोसवेल इतके) आणि वाटीभर भांड्यांचा साबण घालून तासभर गाडी चालवा. मग डंप. दांडा जोर लावून ओढू नका, प्लास्टिकचे पाते दांड्यापासून सुटते.

प्रश्न : आमच्या फिफ्थ व्हीलमध्ये (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडायच्या ट्रेलरमध्ये) व्हॉल्व्ह आत कुठेतरी आहे आणि दांडा केबलवर. दांडा पूर्ण आत जातो, तरी गळते. (शिकागोजवळ)

उत्तर : दांडा आत गेला म्हणजे पाते बंद झाले, असे केबलच्या बाबतीत धरता येत नाही. केबलचे आवरण पकडीतून सरकले की दांड्याची हालचाल पात्यापर्यंत पूर्ण पोचत नाही. गाडीखालचे आच्छादन उघडा, व्हॉल्व्हपाशी केबलची पकड सैल करा, पाते हाताने पूर्ण बंद करा. दांडा पॅनेलपासून पाव इंच बाहेर ठेवून पकड आवळा. ही फट मुद्दाम ठेवायची : पाते टेकण्याआधी दांडा पॅनेलला टेकता कामा नये.

केबल जड असेल तर तिची वळणे पाहा. कारखान्यात उरलेली लांबी गुंडाळून कोंबलेली सापडते. वळण जितके अरुंद तितके घर्षण जास्त. थंडीत आवरणातले पाणी गोठूनही केबल जाम होते. अशा वेळी ओढू नका, ऊब द्या. केबल पुन्हापुन्हा त्रास देत असेल आणि जागा असेल, तर सरळ दांड्याचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. विजेवर चालणारेही मिळतात, पण बॅटरी उतरली तर हाताने उघडायची सोय त्यात आहे का, ते आधी विचारा.

प्रश्न : गळती कुठेच नाही, तरी फ्लश केले की घाण वासाचा भपका येतो. (सिअ‍ॅटल)

उत्तर : छपरावर जाणारी हवेची नळी टाकीत किती खोल गेली आहे ते पाहा. ती टाकीच्या वरच्या भागात एका रबरी ग्रोमेटमधून (भोकातल्या कड्यातून) शिरते आणि आत जेमतेम इंचभर डोकवायला हवी. घाईत बसवलेली किंवा हादऱ्यांनी घसरलेली नळी पाण्यात बुडते. मग वायूला छपराची वाट बंद होते आणि फ्लशचे झाकण उघडताच तो तुमच्याकडे येतो. ओळखण्याची खूण : टाकी अर्ध्याच्या वर गेली की वास, डंप केले की एक-दोन दिवस आराम. नळी वर ओढून छपराशी पक्की केली की काम झाले. वास सिंकखालून येत असेल तर तिथला हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह बदला. तो हाताने फिरवून निघतो.

प्रश्न : गाडीवर आरव्हीआयएचा (अमेरिकेतल्या आरव्ही उद्योगाच्या संघटनेचा) शिक्का आहे, तरी काम असे. वॉरंटीत काय मागता येते? (सॅन होजे)

उत्तर : तो शिक्का गाडी आग, गॅस, नळकाम आणि वीज यांच्या सुरक्षा-मानकांनुसार बांधल्याचे सांगतो, त्यात एनएफपीए ११९२ (अग्निसुरक्षा संस्थेचे आरव्हींसाठीचे मानक) प्रमुख. कारागिरी सफाईदार असल्याची हमी तो देत नाही.

बहुतेक उत्पादकांची मर्यादित वॉरंटी एक वर्षाची असते, आणि निम्मे वर्ष गाडी दुरुस्तीच्या रांगेत जाते. म्हणून प्रत्येक तक्रार लेखी, तारखेसह, आणि दुरुस्तीची पावती प्रत्येक वेळी. ‘व्हॉल्व्ह बदलला’ एवढ्यावर समाधान मानू नका; ‘गळतीचे कारण’ हा रकाना भरून घ्या. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार लेखी वॉरंटी देणाऱ्याला गर्भित हमी (न लिहिलेली, पण कायद्याने धरलेली) पूर्णपणे झटकता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या लेमन कायद्यात (सदोष वाहन घेणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या) मोटारहोमचा, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या आरव्हीचा, चॅसिस (सांगाडा) आणि चालनाचा भाग ‘नवे वाहन’ ठरतो. राहण्याचा भाग त्या व्याख्येत बसत नाही, आणि तुमचे व्हॉल्व्ह नेमके तिथे येतात. तो भाग सर्वसाधारण ग्राहक-वस्तूंच्या तरतुदींत मोडतो. रक्कम मोठी असेल तर वकिलाचा सल्ला घ्या.

टाकी टांगलेली असेल तर तिचे आधारही त्याच फेरीत तपासून घ्या. ४० गॅलन पाणी म्हणजे दीडशे किलो, आणि ते पातळ पत्र्यात मारलेल्या चार स्क्रूंवर लटकलेले आढळते. तिथे आरपार बोल्ट आणि रुंद वॉशर मागा.

प्रश्न : जुलैत यलोस्टोनसाठी आठवडाभर आरव्ही भाड्याने घेतो आहोत. ताब्यात घेताना काय पाहू? (डेन्व्हर)

उत्तर : भाड्याने देणाऱ्यांच्या समोर टोपी काढा. पाणी आले तर लिहून घ्या, नाहीतर परतताना ते तुमच्या खात्यात जाईल. दोन्ही व्हॉल्व्ह एकदा चालवून बघा, होज पसरून भोके पाहा, हातमोजे मागा. टाकी किती भरली ते सांगणारे दिवे ‘पूर्ण’ दाखवत असतील आणि टाक्या रिकाम्या असल्याचे ते सांगत असतील, तर बहुधा खरेच सांगतात : आतल्या सेन्सरवर कागद चिकटला की दिवा पेटलेलाच राहतो. मुक्कामी होज जोडलेला असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. उघडा ठेवला तर पाणी निघून जाते आणि बाकीचे टाकीत ढीग होऊन वाळते. डंप करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे ग्रेच्या पाण्याने होज धुऊन निघतो.