रफटेल स्केट आणि पॅसिफिक व्हाइट स्केट यांच्यात फरक काय? पुण्याच्या मासळी बाजारात मिळतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. स्केट म्हणजे खोल समुद्रातले चपटे मासे; गणेश पेठेतल्या बाजारात दिसतं ते तसंच चपटं प्रकरण म्हणजे पाकट. पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा असतो (विकणारे तो बहुतेकदा आधीच छाटतात) आणि ते जिवंत पिल्लांना जन्म देतं. स्केटला तसा काटा नसतो, आणि स्केट अंडी घालतात.

तुम्ही विचारलेले दोघेही बाथीराजा या एकाच वंशातले (genus), पण वेगळ्या जातींचे, पूर्व पॅसिफिकमधले. रफटेल बेरिंग समुद्रापासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंत सापडतो, व्हाइट स्केट ओरेगनपासून खाली गॅलापागोसच्याही पुढे. म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत दोघांची गाठ पडू शकते.

रंगावर जाऊ नका. एक काळपट, दुसरा फिकट हे खरं. पण दीड हजार मीटर खोल, पाणबुड्या यंत्राच्या झगझगीत दिव्याखाली रंगाचा काय भरवसा? मासा उलटा करून बघा. रफटेलची पाठ खरखरीत, पोट मात्र गुळगुळीत. व्हाइट स्केटच्या पोटावरसुद्धा बारीक काटे दाटीनं असतात; बोट कुठूनही फिरवा, पॉलिश पेपर. शिवाय रफटेल मीटरभराच्या आतच राहतो, व्हाइट त्याहून बराच वाढतो.

पण मला विचाराल तर व्हाइट स्केटची खरी गंमत अंड्यांत आहे. 2015 मध्ये गॅलापागोसच्या उत्तरेला समुद्रतळावर हर्क्युलिस या यंत्राला त्याची 157 अंडी दिसली. चार कोपऱ्यांना शिंगं असलेल्या चामड्यासारख्या पिशव्या त्या. निम्म्याहून जास्त अंडी तळातून उकळतं, काळं पाणी ओकणाऱ्या धुराड्यांपासून 20 मीटरच्या आत होती. तिथलं एरवीचं पाणी तीन अंशांच्याही खाली. इतक्या गारठ्यात बाथीराजा वंशातल्या अंड्याला उबायला चार वर्षांहून जास्त लागतील असा अंदाज आहे. थोडी ऊब मिळाली तरी तो काळ कमी होतो. धुराड्याला अगदी चिकटून घातलं तर अंडं शिजेलच, त्यामुळे मादी जागा मोजूनमापून निवडत असावी. आयत्या भट्टीवर पिल्लं उबवणारा मासा मला तरी रफटेलपेक्षा जास्त आवडतो, हा पक्षपात समजा हवं तर.

एखादा फोटो ओळखून हवा असेल तर पोटाकडून काढलेला टाका. नुसत्या पाठीवरून मी नाव सांगणार नाही.