राजासॉरस टी-रेक्सच्या कुळातला आहे का?

"राजासॉरस म्हणजे भारतातला टी-रेक्सच ना?" असं तुम्ही विचारलंय. नाही. दोघेही दोन पायांवर चालणारे मोठे मांसभक्षक डायनोसॉर, दोघेही क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरचे. पण रक्ताचं नातं बघायला गेलं तर टी-रेक्सला राजासॉरसपेक्षा चिमणी जवळची! टी-रेक्स आणि पक्षी सीलुरोसॉर या एकाच शाखेतले. राजासॉरस अबेलिसॉरिड कुळातला, आणि त्या कुळाची वाट टी-रेक्स जन्माला यायच्या १० कोटींहून जास्त वर्षं आधीच वेगळी झाली होती.

तुमची गल्लत भल्याभल्यांची झाली आहे. जबलपूरला सापडलेल्या हाडांवरून १९३३ साली एका मांसभक्षक डायनोसॉरला इंडोसुकस हे नाव दिलं गेलं, आणि पुढे काही काळ तो टी-रेक्सच्याच कुळात धरला जायचा. १९८५ मध्ये अर्जेंटिनातल्या अबेलिसॉरस आणि कार्नोटॉरस या अबेलिसॉरिडांची वर्णनं प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे आपल्याकडच्या हाडांचे खरे भाऊबंद कळायला लागले. राजासॉरसच्या अगदी जवळचा म्हणजे मादागास्करचा माजुंगासॉरस. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांना चिकटून होते, त्यामुळे यात नवल नाही. टी-रेक्स मात्र उत्तर अमेरिकेतला.

राजासॉरसची हाडं गुजरातेत रैयोलीजवळ १९८२ ते १९८४ दरम्यान भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी गोळा केली. नाव मिळालं थेट २००३ साली. कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर, पाय, शेपटी, एवढंच हाती आलं. पण त्या कवटीवर कपाळाच्या मधोमध एक बुटकं, गोलसर शिंग आहे. नाकाची आणि कपाळाची हाडं जिथे भेटतात तिथेच ती जाड होऊन वर आली आहेत. मला या प्राण्यात सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. टी-रेक्सला असं काही नाही.

राहता राहिले इवलेसे हात, ज्यामुळे दोघं सारखे वाटतात. ते दोन्ही कुळांत स्वतंत्रपणे आखूड झाले. टी-रेक्सला बोटं दोन, कार्नोटॉरसला चार, आणि त्याचा कोपराखालचा हात तर जवळपास नाहीच. राजासॉरसचे हात अजून सापडलेले नाहीत. चित्रांत दिसतात ते त्याच्या नातेवाइकांवरून काढलेले असतात.