ड्रॅगसाठी मॅन्युअल की ऑटोमॅटिक: आधी पहिले साठ फूट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी, इंजिन सुमारे 450 हॉर्सपॉवरचं, सहा गिअरचा मॅन्युअल, रोजच्या वापरालाही हीच. क्वार्टर माइलला (ड्रॅग शर्यतीचं सरळ पाव मैलाचं अंतर, 1320 फूट) 12.6 सेकंद लागतात, ट्रॅप स्पीड, म्हणजे शेवटची रेषा ओलांडतानाचा वेग, ताशी 115 मैल. मित्र म्हणतात, मॅन्युअल काढ आणि ऑटोमॅटिक बसव. बसवावा का?

आत्ता नको. मित्रांचं म्हणणं निराधार नाही. उद्या याच कामासाठी दुसरी गाडी घ्यायला निघालात आणि टाइमस्लिपवरचा (ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळेच्या पावतीवरचा) आकडा एवढंच ध्येय असेल, तर मीही ऑटोमॅटिकच घ्या म्हणेन. पण तुमच्या गाडीत आज जो वेळ वाया जातोय, तो गिअरबॉक्स बदलल्याशिवायही बराचसा परत मिळवता येतो. तो कुठे जातोय हे न बघता गिअरबॉक्स बदलला, तर नव्या गिअरबॉक्सवरही तो जातच राहील.

ट्रॅप स्पीड इंजिनची ताकद सांगतं आणि एकूण वेळ ती ताकद जमिनीवर किती उतरली ते सांगते. ताशी 115 मैल म्हणजे साधारण 185 किलोमीटर. एवढ्या वेगाने रेषा ओलांडणारी गाडी चांगली सुटली तर 11.8 च्या आसपास यायला हवी. म्हणजे तुमचं इंजिन ठणठणीत आहे. हरवलेले सेकंदाचे आठ दशांश जवळजवळ सगळे सुरुवातीला हरवलेत. तुमच्या स्लिपवर साठ फुटांचा आकडा, म्हणजे पहिले साठ फूट कापायला लागलेला वेळ, 2.2 सेकंद आहे, त्यातच सगळं आलं. साठ फुटांत एक दशांश वाचवला तर 1320 फुटांच्या शेवटी साधारण दीड ते दोन दशांश वाचतात, हा ट्रॅकवरचा जुना आडाखा आहे आणि तो बऱ्यापैकी खरा ठरतो. 2.2 चे 1.75 करा, हिशोब आपोआप जुळेल.

मॅन्युअल विरुद्ध ऑटोमॅटिक हा वाद निघाला की सगळे गिअर बदलण्याच्या वेगावर बोलतात. माझ्या मते त्याचं महत्त्व दुय्यम आहे. अख्ख्या रनमध्ये तुम्ही तीन वेळा गिअर बदलता. सराव असलेला हात एका बदलाला पाव सेकंद घेतो, आणि त्या काळात गाडी थांबत नाही, फक्त वेग वाढायचा थांबतो. नुकसान होतं, पण ते लहान. खरा फरक गाडी सुटतानाच्या पहिल्या सेकंदात पडतो, म्हणजे टॉर्क, इंजिनचा फिरवणारा जोर, टायरपर्यंत कसा पोचतो यात.

मॅन्युअलमध्ये तुम्ही रेस देऊन उभे असता तेव्हा फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चकतीत, ऊर्जा साठलेली असते, आणि ती आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर्गाच्या प्रमाणात वाढते. 2500 ऐवजी 5000 वर क्लच सोडला तर चौपट ऊर्जा एकदम खाली येते. शिवाय त्या क्षणी चाकांकडे जाणारा टॉर्क इंजिनचा नसतो, क्लच जेवढा पेलू शकेल तेवढा असतो. इंजिन 550 न्यूटन मीटर देत असेल आणि क्लच 900 पेलणारा बसवला असेल, तर क्लच झटक्यात सोडल्यावर गिअरबॉक्सला 900 पर्यंतचा धक्का बसतो. पहिल्या गिअरचा रेशो (टॉर्क किती पट होतो तो आकडा) 2.97 आणि मागच्या ॲक्सलचा 3.73 धरला तर तो जवळजवळ अकरा पट होऊन ॲक्सलवर जातो. मग तीनपैकी एक गोष्ट होते: चाकं जागच्या जागी फिरतात, क्लच घसरतो, नाहीतर काहीतरी तुटतं.

म्हणून ‘बाजारात मिळेल तो सगळ्यात तगडा क्लच टाक’ हा सल्ला मला पटत नाही. ड्रॅगच्या मॅन्युअल गाडीत क्लच हाच एकमेव भाग थोडा वेळ घसरू शकतो, बाकी सगळं लोखंडाला लोखंड जोडलेलं असतं. तो घसरण्याचा वाव काढून घेतलात तर धक्का सहन करायची जबाबदारी टायरवर आणि ॲक्सलवर येते. इंजिनच्या टॉर्कपेक्षा थोडी जास्त क्षमता असलेला, थोडं घसरून मग घट्ट धरणारा क्लच घ्या. सिरॅमिक बटणांचा क्लच एकदम पकडतो आणि गर्दीत हाफ क्लचवर गाडी थरथरवतो. रोजच्या गाडीत तो नकोच. ट्विन डिस्क महाग असतो, पण पेडल हलकं राहतं आणि उष्णता दोन प्लेटांत वाटली जाते. तुमच्या वापराला तो शोभेल. क्लच सुटण्याचा वेग ठरावीक ठेवणारी साधनंही मिळतात. डाव्या पायाने दर वेळी तेच करायचं हे अवघड कौशल्य आहे, त्यातला बराच भार ती उचलतात.

आता ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, त्यामुळे धक्का तिथेच मऊ होतो. पण माझ्या दृष्टीने त्याचा मोठा गुण दुसरा आहे: गाडी उभी असताना कन्व्हर्टर टॉर्क वाढवतो, साधारण दुपटीपर्यंत, आणि गाडीने वेग घेतला की हा गुणक हळूहळू एकावर येतो. टर्बो 400 या जुन्या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर फक्त 2.48 आहे. कागदावर तो तुमच्या 2.97 पुढे फिका वाटतो, पण सुटताना कन्व्हर्टरच्या गुणकाने तोच पाचच्या जवळ पोचतो. पॉवरग्लाइड तर दोनच गिअरचा, पहिला 1.76 किंवा 1.82, उत्पादन 1973 मध्ये बंद झालं, तरी ड्रॅग स्ट्रिपवर तो आजही सर्रास दिसतो. त्याचं कारण हेच.

कन्व्हर्टर घेताना स्टॉल स्पीडवर, म्हणजे गाडी धरून ठेवून ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ज्या आरपीएमवर अडतं त्यावर, लोक फसतात. खोक्यावर 3000 लिहिलंय म्हणून तो तुमच्या गाडीत 3000 लाच स्टॉल होईल असं नाही. जास्त टॉर्कच्या इंजिनामागे तोच कन्व्हर्टर वर जातो, कमी टॉर्कच्या इंजिनामागे खाली राहतो. इंजिनचा टॉर्क जिथे भरात येतो त्याच्या आसपास स्टॉल हवा. कमी ठेवला तर गाडी सुटताना गुदमरते. गरजेपेक्षा जास्त ठेवला तर रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आधी आवाज वाढतो आणि गाडी नंतर हलते, तेल तापतं, आणि शेवटच्या टप्प्यातही तो घसरत राहिल्याने ट्रॅप स्पीड घटतं. लॉकअप (वेग घेतल्यावर कन्व्हर्टर घट्ट जोडून त्याची घसरण थांबवणारी सोय) नसलेला 3500 चा कन्व्हर्टर घेऊन रोज गर्दीतून जाणं म्हणजे गिअरबॉक्सचं तेल शिजवणं आहे. वेगळा ऑइल कूलर हा ऑटोमॅटिकमध्ये ऐच्छिक भाग समजू नका.

ट्रान्सब्रेक आणि लाइन लॉक यांची गल्लत होते, म्हणून हेही लिहितो. लाइन लॉक फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवतो, बर्नआउटसाठी, म्हणजे मागची चाकं जागेवर फिरवून टायर तापवायला. ट्रान्सब्रेक गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी लावून गाडी जागेवर खिळवतो; बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी झेपावते. 2018 च्या डॉज डीमनमध्ये हा ट्रान्सब्रेक कारखान्यातूनच आला, आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसोबत, आणि कंपनीने तिची वेळ 9.65 सेकंद सांगितली. त्या गाडीला मॅन्युअलचा पर्यायच नव्हता. ‘ऑटोमॅटिक ताकद खातो’ हे वाक्य जुन्या तीन गिअरच्या डब्यांना (गिअरबॉक्सना) लागू होतं आणि लॉकअप नसलेल्यांना अजूनही होतं. पण आताच्या आठ-दहा गिअरच्या डब्यांत पहिला गिअर 4.7 च्या आसपास असतो, कन्व्हर्टर लॉक होतो आणि गिअर माणसाच्या हातापेक्षा लवकर बदलतो. डिझाइनमध्येच एवढा पुढे गेलेला डबा डाव्या पायाच्या कसबाने हरवणं फार कमी जणांना जमतं.

इंजिनला टर्बो असेल तर गिअर बदलण्याबद्दल वर जे म्हटलं त्याला अपवाद करावा लागतो. मॅन्युअलमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल बंद होतो, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) पडतो, आणि पुढच्या गिअरमध्ये तो परत भरेपर्यंत थांबावं लागतं. ऑटोमॅटिकमध्ये थ्रॉटल उघडाच राहतो. सुटतानाही कन्व्हर्टरवर इंजिनला भार मिळतो, म्हणून उभ्या गाडीत बूस्ट तयार होतो. मॅन्युअलमध्ये यासाठी टू-स्टेप लिमिटर (उभ्या गाडीत आरपीएम ठरावीक मर्यादेवर धरणारा) आणि ॲक्सिलरेटर न सोडता गिअर बदलण्याची सोय लागते. ती चालते, पण सिंक्रोंचं (गिअर जुळवून घेणाऱ्या कड्यांचं) आयुष्य कमी करते. तुमचं इंजिन टर्बोचं आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर माझं मत ऑटोमॅटिककडे बरंच झुकेल.

टायरचा आणि गिअरबॉक्सचा मेळ बसायला हवा. जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय स्लिकची (नक्षी नसलेल्या ड्रॅग टायरची) बाजू सुरकुतते आणि क्लचचा धक्का पोटात घेते, म्हणून मॅन्युअलशी तिचं चांगलं जमतं. ड्रॅग रेडियल (ड्रॅगसाठीचा चिकट रेडियल टायर) ताठ असते. तिला टॉर्क एकसारखा चढत गेलेला आवडतो, आणि कन्व्हर्टर नेमका तसाच देतो. मॅन्युअलवर रेडियल चालवायची असेल तर क्लच घसरवावाच लागेल. आणि तुम्ही आता साध्या रस्त्याच्या टायरवर धावताय! त्या टायरवर 2.2 येणं हा गिअरबॉक्सचा दोष नाही.

सुरक्षिततेबद्दल मी नेहमी थोडं जास्त लिहितो. पाच-सहा हजार आरपीएमला फुटलेला क्लच किंवा फ्लायव्हील साध्या ॲल्युमिनियमच्या बेलहाउसिंगमधून (क्लचभोवतीच्या कवचातून) आरपार येतं, आणि तिथेच तुमचे पाय असतात. 1970 मध्ये लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामवंत अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला आणि त्यांच्या पायाचा काही भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बांधली आणि तीच रचना पुढे रूढ झाली. तो दोन गिअरचा डबा होता आणि तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त ताकदीचा, पण फिरणाऱ्या लोखंडाचं वागणं तेच. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगची संस्था एनएचआरए हिच्या नियमांत क्लच असलेल्या गाडीला 11.49 किंवा त्याहून जलद वेळेसाठी एसएफआय (रेसिंगच्या भागांचे सुरक्षा-मानक ठरवणारी संस्था) प्रमाणित बेलहाउसिंग लागतं. तुम्ही तिथे पोचायच्या आधीच ते बसवा, स्टीलचं फ्लायव्हीलही, आणि ड्राइव्हशाफ्टभोवतीची लूपही. आणि हे सगळं फक्त ट्रॅकवर. सार्वजनिक रस्त्यावर लाँचचा सराव करणाऱ्याला मी कधीच मदत करणार नाही.

ब्रॅकेट रेसिंगमध्ये उतरणार असाल तर उत्तर बदलतं. तिथे तुम्ही स्वतःची वेळ आधी सांगता, आणि त्याहून जलद गेलात तर बाद होता. शर्यत जिंकते ती दर वेळी तीच वेळ देणारी गाडी, आणि हे ऑटोमॅटिकला फार सोपं जातं. चालकाचं सगळं लक्ष सुरुवातीच्या दिव्यांवर राहतं. मॅन्युअलवरही जिंकणारे आहेत, पण त्यांना त्यासाठी खूप जास्त रन घालावे लागतात.

गिअरबॉक्स बदलण्याच्या कामात फक्त डबा येत नाही, हेही धरून चला. कन्व्हर्टर, फ्लेक्सप्लेट, कूलर आणि त्याच्या नळ्या, क्रॉसमेंबर, वेगळ्या लांबीचा ड्राइव्हशाफ्ट, शिफ्टर, इंजिनच्या कंप्युटरचं नवं ट्यूनिंग, गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊ नये म्हणून न्यूट्रल सेफ्टी स्विच. एवढ्या पैशांत टायर, क्लच, मागचे डॅम्पर आणि ॲक्सल सगळं होऊन वर ट्रॅकची फी उरेल.

तेव्हा आधी मागच्या चाकांना ड्रॅग रेडियल घ्या आणि मागच्या सस्पेन्शनचे बुश तपासा. चाक उड्या मारायला लागलं की हाफशाफ्ट (मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारे दांडे) त्यातच तुटतात. लाँच 3000 आरपीएमपासून सुरू करा आणि क्लच झटक्यात न सोडता घसरवत सोडा. साठ फुटांचा आकडा सुधारत असेल तोवरच आरपीएम थोडं थोडं वाढवत जा. चाक फिरायला लागलं की एक पायरी खाली या. दोन रनमध्ये क्लचला थंड व्हायला वेळ द्या. जळका वास आला तर तो दिवस तिथेच संपवा. हे सगळं नीट करूनही आकडा 1.9 च्या खाली येत नसेल, किंवा तुम्ही ताकद 600 च्या पुढे न्यायचं ठरवलं असेल, तेव्हा ऑटोमॅटिकचा हिशोब मांडू. त्या वेळी गाडीचं वजन, मागचा रेशो, टायरची उंची आणि इंजिनचा टॉर्क ग्राफ इथे टाका, म्हणजे कन्व्हर्टरच्या स्टॉलबद्दल नेमकं बोलता येईल.