'तक्ता ३ मध्ये' की 'तक्ता ३ वरून'?

परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्या एकाने विचारलंय: 'तक्ता ३ मध्ये दिसून येते' लिहावं की 'तक्ता ३ वरून'? आणि तक्ता म्हणावं, कोष्टक की सारणी?

दुसरा प्रश्न आधी उरकू. तिन्ही शब्द चालतात. 'कोष्टक' कुणी कंसालाही म्हणतं, 'सारणी' जरा पुस्तकी. 'तक्ता' फारसीतला 'तख्ता', म्हणजे फळी. निजामाचं दप्तर पाहिलेल्या मराठवाड्याला तो परका नाही. (महसूलवाले रकान्यांच्या कागदाला 'पत्रक' म्हणतात. आपलं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदींचा कागद, आठवा.) कोणताही एक घ्या, पण शेवटपर्यंत तोच. मध्येच तक्त्याची सारणी झाली की परीक्षक दोन वेगळ्या गोष्टी शोधत बसतो.

खरी गोम शब्दयोगी अव्ययात आहे. 'मध्ये' म्हणजे जे तिथं मांडलंय ते, 'वरून' म्हणजे त्यातून तुम्ही काढलेला अर्थ. जायकवाडी धरणाचंच घ्या. (दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. मृतसाठा म्हणजे तळाशी उरणारं, एरवी सोडता न येणारं पाणी; त्यावरचा तो उपयुक्त साठा.) 'उपयुक्त साठ्याची क्षमता २१७१ दलघमी आणि मृतसाठा ७३८ दलघमी, हे आकडे तक्ता ३ मध्ये दिले आहेत.' यांवर बोट ठेवता येतं. 'धरण भरलं तरी सुमारे चौथा हिस्सा मृतसाठाच असतो, हे तक्ता ३ वरून दिसते.' हे कुठल्याच रकान्यात छापलेलं नाही, ते गणित तुमचं. म्हणजे 'वरून' आलं की पुढं निष्कर्ष हवाच. तक्त्यातले आकडेच पुन्हा वाक्यात ओतायचे असतील तर तक्ता दिला कशाला?

रकान्याच्या मथळ्यातही असाच घोळ होतो. नुसतं 'साठा ५० टक्के' लिहिलं तर कशाच्या ५० टक्के? उपयुक्त साठ्याच्या म्हणाल, तर मृतसाठा धरून धरणात सुमारे १८२३ दलघमी पाणी आहे, म्हणजे एकूण क्षमतेच्या जवळपास ६३ टक्के. 'उपयुक्त साठा (टक्के)' एवढं रकान्याच्या डोक्यावर आलं की वाद मिटला.

आलेख, नकाशा, छायाचित्र यांना सहसा 'आकृती' म्हणूनच क्रमांक देतात. शीर्षक तक्त्याच्या वर, आकृतीच्या खाली. 'खालील तक्ता' टाळा, छापताना तो पुढच्या पानावर जातो. आणि 'आकृती ५ वरून पाणीपातळी घटली' असं तर मुळीच लिहू नका. आकृतीवरून पातळी घटत नसते, घटल्याचं कळतं.