दात पांढरे करायचे? आधी हे वाच

भाऊ, घाई नको करू. आधी स्केलिंग (डेंटिस्टकडून दातांवरचा थर साफ करणं) करून घे, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) नि चहाचे डाग बरेचदा तेवढ्यानंच निघतात आन् व्हाइटनिंगचे पैसे वाचतात. कीड असली, हिरड्यांतून रक्त येत असलं तर ते पहिले. आणि कॅप, फिलिंगचा रंग व्हाइटनिंगच्या जेलनं बदलत नाही बाप्पा, माझे बाकीचे दात उजळले न् समोरची जुनी कॅप पिवळी उठून दिसायला लागली, शेवटी बदलावी लागली.

क्लिनिकमध्ये २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं (डाग फिकं करणारं रसायन) जेल लावतात, तास-दीड तासात फरक. घरी मापाचा ट्रे (आपल्या दातांवर बसणारा साचा, त्यात जेल भरून घालायचा) नि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं सौम्य जेल, दोन-तीन आठवडे लागतात पण नवीन माणसानं इथूनच सुरू करावं असं माझं मत. जेल प्रत्येक दाताला थेंबभरच, मी पहिल्या रात्री ट्रे भरून टाकला होता, सकाळी हिरड्या पांढऱ्या पडून चरचरत होत्या.

हे नको करू:
- लिंबू-सोड्यानं घासणं, इनॅमल झिजतं
- कळ येत असताना रोज लावणं. एक-दोन दिवस सोड, सेन्सिटिव्हवाली पेस्ट वापर
- लगेच सावजी रस्सा. दोन दिवस थांब, हळद असते ना राजा!

खर्रा सुरूच ठेवणार असशील तर ट्रेचे पैसे घालूच नको.