सोर्स कोडच्या टारबॉलमध्ये '.गिट' किंवा '.एसव्हीएन' फोल्डर राहिले तर काही बिघडते का?

प्रोग्रॅम बहुधा नीट कंपाइल होतो, परंतु गिट आणि सबव्हर्जन या आवृत्ती-नियंत्रण साधनांची ही फोल्डरे टारबॉलमध्ये, म्हणजे 'टार'ने एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये, राहू देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांत गंभीर धोका '.गिट'चा आहे, कारण त्यात प्रकल्पाचा इतिहास साठवलेला असतो आणि पूर्वी चुकून कमिट झालेला (इतिहासात नोंदवला गेलेला) व नंतर पुसलेला पासवर्डही त्यातून परत काढता येतो. असे घडले असल्यास नवा टारबॉल काढणे पुरेसे नाही. तो पासवर्ड तातडीने बदलावा.

सबव्हर्जनमध्ये २०११ च्या १.७ आवृत्तीपूर्वी प्रत्येक उपफोल्डरात स्वतंत्र '.एसव्हीएन' असे आणि त्यात प्रत्येक फाइलची मूळ प्रत राही, त्यामुळे जुने टारबॉल विनाकारण फुगलेले दिसतात. गिटने कोणत्या फाइलींकडे दुर्लक्ष करावे याची यादी असलेली एकटी '.गिटइग्नोर' फाइल निरुपद्रवी वाटते. मात्र डेबियनसारख्या लिनक्स वितरणासाठी पॅकेज बांधणाऱ्याने तो टारबॉल स्वतःच्या गिटमध्ये घेतला, तर कंपाइल करण्यापूर्वी चालवायच्या 'कॉन्फिगर' स्क्रिप्टसारखी, टारबॉलमध्ये मुद्दाम दिलेली तयार फाइल कोणतीही सूचना न देता वगळली जाऊ शकते, आणि हा दोष शोधणे फार त्रासाचे असते. डेबियनचे लिंटियन हे तपासणी-साधन अशा फोल्डरांकडे लक्ष वेधते.

कामाच्या फोल्डरावर थेट 'टार' चालवण्याऐवजी 'गिट आर्काइव्ह' वापरावे. त्यात केवळ कमिट केलेल्या फाइली येतात. '.गिटइग्नोर'सारख्या फाइली वगळण्यासाठी '.गिटअॅट्रिब्यूट्स'मध्ये 'एक्सपोर्ट-इग्नोर' लिहावे. 'टार'च वापरायचे असल्यास ग्नू टारला 'एक्सक्लूड-व्हीसीएस' हा पर्याय द्यावा.